ताजे घोडे

शालनकाकू नव्या माणसाशी हात मिळवायच्या नाहीत. त्याचा वास घ्यायच्या. लपूनछपून नाही, चांगलं नाक पुढे करून, भाजीवाली पालकाची जुडी हुंगते तसा. आमच्या मालकाचा, ब्रेटचा, पहिल्याच भेटीत घेतला आणि मला मराठीत म्हणाल्या, "हा आंघोळ करतो, पण मनापासून नाय करत."

"काय म्हणतेय?" ब्रेटने विचारलं.

"म्हणतायत, तुम्हाला भेटून आनंद झाला," मी सांगितलं. त्या दोघांमधला दुभाषीपणा मी असाच सुरू केला आणि शेवटपर्यंत तसाच केला. त्याचं नंतर काय झालं ते सांगायलाच बसलेय, नाहीतर या जागेची आठवण काढायची मला हौस नाही.

जागा म्हणजे मेलबर्नहून दीड तासावर डोंगरात उभं केलेलं एक खोटं गाव. जुन्या इंग्लंडातलं बाजारगाव कसं असायचं त्याची तिकीट लावून केलेली नक्कल. मोटारी यायच्या आधी तिकडे टपाल घोड्यांच्या कोचातून जायचं. दर आठ-दहा मैलांवर एक इन असायचं. इन म्हणजे उतारूंना खायला-झोपायला पुढे जागा आणि मागे तबेला. कोच आत शिरला की दमलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे, शिंग फुंकायचं आणि निघायचं. आमच्याकडे हे सगळं होतं. काळालाल कोच होता, पितळी शिंग होतं, दगडी फरशीचं अंगण होतं, आणि इनच्या डायनिंग रूमची ड्यूटी मॅनेजर म्हणून मी होते. डोक्यावर मॉब कॅप, म्हणजे जुन्या मोलकरणींची झालरीची टोपी, घालून. पुण्याची मुलगी, मॉसन लेक्स या उपनगरात राहून हॉस्पिटॅलिटीचं शिक्षण घेतलं, पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, शहराबाहेरच्या 'रीजनल' भागात आले, पीआर मिळाला, तरी तिथेच चिकटले. का, म्हणाल तर निव्वळ आळस. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

शालनकाकू पहिल्यांदा आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. त्यांचा मुलगा मंदार डँडेनॉन्गजवळ एका कंपनीत इंजिनिअर. आईला परमनंट व्हिसावर आणलेलं, आणि आता आईला रविवारी कुठे न्यावं हा प्रश्न. माझ्या डायनिंग रूममध्ये सगळे ॲपल पाय खात बसलेले. मंदार बघतो तर आई गायब. दहा मिनिटांनी काकू दारात हजर. नेसलेल्या साडीवर मुलाचं जुनं फ्लीस जॅकेट, पायात कुणाचे तरी गमबूट, आणि हातात खूर कोरायची आकडी. आकडीच्या टोकाला काळी, ओली घाण. ती त्यांनी थेट माझ्या नाकाखाली धरली.

"हुंग."

शी! सडलेल्या चीजसारखा, तुंबलेल्या मोरीसारखा तो वास. मला भडभडून आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने सूपचा चमचा खाली ठेवला.

"खूर सडलाय घोडीचा. आठ दिवस झालेत. तुमच्या इथे कुणाला नाक नाय?"

मंदार लाल झाला. "सॉरी हां, रिअली सॉरी. आई माथेरानची आहे." जणू हा आजारच.

माथेरानला मोटार चालत नाही. जे काही वर चढायचं ते पायी, नाहीतर घोड्यावर. काकूंच्या नवऱ्याचे तीन घोडे होते, आणि नवरा गेल्यावर त्या स्वतः लगाम धरून, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरीपासून वर चालायच्या, दिवसातून चारदा, वर शहरातली जाडी माणसं बसलेली. मंदारचं इंजिनिअरिंग त्या तांबड्या मातीतून निघालं. हे मला काकूंनीच सांगितलं. मंदार कधी बोलला नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळात तो सांगायचा, आमचं माथेरानला टुरिझम होतं.

सडलेला खूर काकूंनी आठवड्याभरात बरा केला. म्हणून ब्रेटने त्यांना ठेवून घेतलं. आठवड्यातले चार दिवस मंदारची बायको त्यांना स्टेशनवर सोडायची, आमची व्हॅन त्यांना वर आणायची. ब्रेटने त्यांनाही मॉब कॅप दिली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात घोड्यांचे हरभरे भिजत घातले. आमचे स्कोन, जॅम लावून खायचे ते छोटे पाव, त्यांना कधी आवडले नाहीत. "कोरडं पीठ कोंबतात तोंडात," म्हणायच्या, आणि तबेल्यात उभ्या उभ्या भाकरी नि ठेचा खायच्या. घोड्यांशी मराठीत, ब्रेटशी मराठीत, फोनवर बोलणाऱ्या जीपीएसशीसुद्धा मराठीत. मॅगपायच्या दिवसांत, पक्षी डोक्यावर झेपा घालतात तेव्हा, बाकीचे लोक पक्षी बुजावेत म्हणून हेल्मेटवर केबल टायचे काटे लावून फिरायचे. काकू वर बघून एक कचकचीत शिवी हासडायच्या. पक्षी त्यांच्या वाटेला जायचे नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चार घोडे होते. ब्रेटने त्यांना सरदार-दरकदारांची इंग्रजी नावं दिलेली. काकूंनी आपली ठेवली: राजा, काळू, सरदार, आणि सडक्या खुराची ती तांबडी घोडी यमुना. रोज सकाळी प्रत्येकाच्या कानामागे, तोंडात, मांडीत नाक घालून त्या सगळ्यांची खबर घ्यायच्या. "माणूस खोटं बोलतो. घाम नाय बोलत." हे त्यांचं आवडतं वाक्य. मी त्यांना म्हटलं, काकू, किळस नाही येत? म्हणाल्या, "येते की. किळस आली तरच समजतं काय बिघडलंय. ज्याला येत नाय त्याला तबेल्यात ठेवू नये."

आता आमची खरी घाण सांगते.

आमच्याकडचा मोठा खेळ म्हणजे घोडे बदलणं. शिंग वाजायचं, कोच धडधडत अंगणात शिरायचा, माणसं धावायची, एका मिनिटात चारही घोडे मोकळे. लोक घड्याळ लावून टाळ्या वाजवायचे. मग जाहीर व्हायचं: उतारूहो, पूर्वीप्रमाणे वीस मिनिटं! सगळे माझ्या डायनिंग रूममध्ये. सूप, स्कोन, जॅम. वीस मिनिटांनी पुन्हा शिंग, आणि दुसऱ्या फाटकातून 'ताजे' घोडे हजर. हे ताजे घोडे म्हणजे तेच चार. बेकरीच्या मागून वळसा घालून आणलेले, अंगावरची लाल झूल काढून निळी घातलेली, तोंडं ओल्या फडक्याने पुसलेली. पूर्वी म्हणे आठ होते. आठाचे सहा झाले, सहाचे चार, खेळ मात्र आठांचाच राहिला. दिवसातून पाच फेऱ्या, सुट्टीत सात. आणि लोकांना घोडे ओळखू येऊ नयेत म्हणून वीस मिनिटं त्यांची तोंडं भरत ठेवायचं काम माझं. मला माहीत होतं. सगळ्या स्टाफला माहीत होतं. आम्ही त्यावर विनोद करायचो.

काकूंना पहिल्याच दिवशी कळलं. निळ्या झुलेतल्या यमुनेच्या तोंडाशी नाक नेलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, ही तीच की!"

मी त्यांना जुन्या काळाची गोष्ट समजावून सांगितली, दहा मैल, इन, ताजे घोडे वगैरे. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती गोरी माणसं शहाणी होती. दहा मैलांनी जनावराला सोडायची. तुम्ही शिंग उचललं, झूल उचलली, सूप उचललं. सोडायचं तेवढं विसरलात, होय?"

मी हे भाषांतर करून ब्रेटला सांगितलं नाही.

सप्टेंबरात एका दुपारी त्यांनी मला तबेल्यात हाक मारली. यमुनेच्या गळ्यातली कॉलर उतरवलेली होती. कॉलर म्हणजे ज्याच्यावर कोचाचा सगळा ओढा येतो तो जाड कातडी गळपट्टा. "हिचा खांदा हुंग," म्हणाल्या. मी नाक मुरडत हुंगला. घोड्याचा वासच नव्हता. बुटाच्या पॉलिशचा होता. काकूंनी पदराचा शेव ओला करून खांद्यावर फिरवला. तपकिरी रंग पदरावर उतरला आणि खाली तळहाताएवढं मांस उघडं पडलं, केस गेलेलं, कडेने पिवळं पाणी सुटलेलं, आणि त्या पाण्यात पॉलिशचे बारीक गोळे. घोडीने कातडी थरथरवली. मी बाहेर जाऊन ओकले.

काकूंना वाटलं, जखम बघून ओकली बिचारी. पाठीवरून हात फिरवला. त्यांना काय माहीत! दर महिन्याची स्टोअरची ऑर्डर मी द्यायचे. नॅपकिन, जॅम, हँडवॉश, आणि तपकिरी बूट पॉलिश बारा डब्या. बारा! आमच्या अख्ख्या गावात कुणाचा बूट कधी चमकलेला मी पाहिला नव्हता, आणि तरी मी कधी विचारलं नाही की या डब्या जातात कुठे. विचारलं नाही कारण उत्तर ठाऊक होतं.

ब्रेट म्हणाला, नो वरीज, व्हेटला पुढच्या आठवड्यात बोलावतो. दोन दिवस मलम लागलं. मग शाळांना सुट्ट्या लागल्या, सात फेऱ्या सुरू झाल्या, मलमाची ट्यूब खिडकीत वाळत पडली. काकू रोज विचारायच्या, डॉक्टर कधी येणार? मी रोज सांगायचे, येणार आहे. काकू रोज ब्रेटसमोर उभ्या राहून एकच मागणं मागायच्या: ही एक सोडा, हिचा खांदा भरू दे. मी त्याचं करायचे, "शालन म्हणते, घोडी थोडी दमलीय." ब्रेट म्हणायचा, "आपण सगळेच दमलोय, मेट."

आणि मग आमचं मंडळ आलं.

इथे सण तिथीला येत नाहीत, वीकेंडला येतात. दसरा होऊन गेल्यावरच्या रविवारी मंडळाची सहल निघाली, मंदार सेक्रेटरी, आणि त्याने ठरवलं की आईच्या जागीच जाऊ. पन्नास माणसं. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा. आपट्याऐवजी गम ट्रीची, म्हणजे निलगिरीची, पानं, वर सोनेरी स्प्रे. कल्पना अशी की कोचाच्या घोड्यांना हळदकुंकू वाहून पूजा करायची, व्हिडिओ काढायचा, आणि मग कोचात बसून फेरी मारायची. ब्रेटला कल्पना भारीच आवडली. अंगणात मधोमध चारही घोडे उभे केले. भोवती आमची माणसं, मागे वीस-पंचवीस ऑस्ट्रेलियन पाहुणे, मोबाइल वर धरून.

काकू पुढे आल्या. हातात दोन बादल्या कोमट पाणी आणि खरारा.

"आंघोळ न घातलेल्या जनावराला कुंकू लावतात का कुठे?"

आमच्यात एक काका आहेत, आरतीत कुणाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी मध्येच थांबवतात. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे, शास्त्र आहे ते." ब्रेटने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, धुणार आहेत फक्त.

काकूंनी यमुनेच्या मानेवर पहिली बादली सोडली. खरारा फिरवला. मान, छाती, आणि मग हलक्या हाताने खांदा. तपकिरी पाणी पायावरून घरंगळत पांढऱ्या फरशीवर आलं, फरशीच्या फटींतून मंडळाच्या चपला-बुटांपर्यंत गेलं. पुढच्या रांगेतल्या बायका साड्या उचलून मागे सरल्या. खांदा उघडा पडला होता. पुढच्या दहा-बाराजणांना तो नीट दिसला. एकजण "ईईई" म्हणाली. काकांनी चष्मा काढून पुसला.

"बघा," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "रंग फासतात वरून. हिलाच दिवसातून सात वेळा ताजी म्हणून आणतात. ए पोरी, सांग त्या मागच्या माणसांना. डब्या कोण मागवतं तेही सांग. मला ठाऊक हाय, खोकी तूच उतरवून घेतेस."

मागचे पाहुणे विचारायला लागले, काय चाललंय, कसलं पाणी आहे ते? ब्रेट माझ्या कानाशी आला. "सांग ना, तुमच्या सणातलंच काहीतरी आहे म्हणून." आणि पुढे होऊन त्याने निळी झूल घोडीच्या खांद्यावर टाकली.

मी बोलले. हॉस्पिटॅलिटीच्या कोर्समध्ये शिकवलेल्या त्या हसऱ्या, गोड इंग्रजीत बोलले: हा आमचा पारंपरिक रंग आहे. आदल्या रात्री लावतात आणि सणाच्या सकाळी धुऊन टाकतात. त्याने भाग्य उजळतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पन्नास मराठी माणसं तिथे उभी होती. त्यातल्या प्रत्येकाला इंग्रजी येत होतं. असला कसलाही रंग नाही, असली कसलीही चाल नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. एकाने तोंड उघडलं नाही. शास्त्रवाल्या काकांनीही नाही. दोघांनी तर टाळ्यांत टाळ्या मिसळल्या. मला आज सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल तर त्या जखमेची नाही, त्या पिवळ्या पाण्याचीही नाही. मी बोलून झाल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे पसरलं, त्याची. हुश्श! निभावलं बाई पोरीने.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण टाळ्या कुणालाही कळतात.

"काय सांगितलंस गं?"

मी रिकामी बादली उचलून बाजूला ठेवली.

"मंद्या, काय सांगितलं हिने?"

मंदार पुढे आला. "आई, झालं ना आता? बाजूला हो. सगळे बघतायत. कोच बुक आहे, लोकांना फेरी मारायचीय."

"या घोडीला घेऊन?"

"ते त्यांचं ते बघतील. आई, प्लीज. माझी लाज काढू नकोस इथे."

काकू मुलाकडे बघत राहिल्या. मग वाकून त्याच्या शर्टाजवळ नाक नेलं, खूप वेळ, लहान पोराची टाळू हुंगावी तसं. यमुनेच्या अंगावरची झूल ओढून खाली टाकली, तोंडातला लगाम काढला, गळ्यात साधा दोर अडकवला आणि तिला घेऊन सरळ फाटकाकडे निघाल्या. माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "तुला तर नाक होतं गं."

ब्रेटने अडवलं नाही. मोबाइल अजून वर होते. तो हसून मोठ्याने म्हणाला, आणि आता घोडी आराम करायला चालली! पुन्हा टाळ्या.

काकू कुठे निघाल्या होत्या ते मला माहीत होतं. डोंगरावर चार किलोमीटरवर एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईचा सफरचंदांचा मळा होता, शेजारी रिकामं कुरण. काकू जेवणाच्या सुट्टीत कधी कधी तिच्याकडे जायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी कुंपणाला टेकून उभ्या राहायच्या. यमुना पुढे तिथेच राहिली, ब्रेट तिला परत आणायला गेला नाही, धुतलेली घोडी त्याच्या उपयोगाची नव्हती. हे मला मागाहून व्हॅनच्या ड्रायव्हरकडून कळलं. काकू पुन्हा कामावर आल्या नाहीत. मंदारने मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं नाही, मी त्याला अनफॉलो केलं नाही, दिवाळीला त्याने मला हॅपी दिवाळी पाठवलं आणि मी अंगठा दिला. इतके आम्ही सभ्य.

पण त्या रविवारी फेरी झाली. झालीच. चारच्या जागी तीन घोडे जुंपले. पहिल्या खेपेला चौदा माणसं चढली, दोन टपावर, एकाने जय भवानीची आरोळी ठोकली, आणि 'तुमच्या लोकांना' नीट माहिती सांग म्हणून ब्रेटने मला मागच्या पायरीवर उभं केलं. कोच गावाबाहेरच्या चढाला लागला.

चढाच्या मध्यावर त्या दिसल्या. रस्त्याच्या कडेने गवतातून चालल्या होत्या, साडी गमबुटांत खोचलेली, एका हातात दोर, दुसरा हात घोडीच्या मानेवर. त्यांच्या मागे पायाच्या वेगाने मंदारची गाडी सरकत होती, हॅझर्ड लाइट लुकलुकत, काच खाली, आणि आतून त्याचा आवाज, "आई, गाडीत बस. आई, किती चालशील? आई!" बाकीच्यांना वाट मिळावी म्हणून तो थोडा बाजूला झाला. आमची माणसं हात हलवायला लागली. "काकू, बाऽय!"

काकूंनी घोडीला बाजूला घेतलं आणि थांबल्या. माणसांकडे पाहिलंच नाही. तीन घोड्यांकडे पाहिलं. राजाच्या नाकपुड्या लाल झाल्या होत्या, सरदारचे मागचे पाय डांबरावर घसरत होते, काळूच्या तोंडातून फेस गळत होता. कोच जवळजवळ थांबलाच होता. ड्रायव्हरने चाबूक उचलला.

"चढ हाय," काकू म्हणाल्या. रागावून नाही. माथेरानच्या वाटेवर हजारदा म्हणाल्या असतील तशा, कामाचं बोलावं तशा. "चढाला बसायचं नसतं. उतरा. टेकाडापर्यंत चाला, मग बसा परत."

वर कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "अहो काकू, तिकीट काढलंय!" मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पायरी जमिनीपासून फूटभर होती. पाय खाली टाकला की झालं.

"तू तरी उतर, पोरी."

चाबूक वाजला, कोच हलला, आणि मी दांडी घट्ट धरली.